आयर्लंडचा नॅशनल कॉन्सर्ट हॉल नेमका कधी सुरू झाला?

समजा, तुमच्या संशोधन आराखड्यात एक वाक्य आहे: ‘आयर्लंडचा नॅशनल कॉन्सर्ट हॉल १९८१ साली सुरू झाला.’ वाक्य चुकीचं नाही. तरी चांगला गाईड त्याखाली रेघ मारून विचारेल, काय सुरू झालं? इमारत, संस्था की वाद्यवृंद? या तिघांच्या तारखा वेगवेगळ्या आहेत.

इमारत सगळ्यात जुनी. डब्लिनच्या अर्ल्सफर्ट टेरेसवर १८६५ साली भरलेल्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी ती उभी राहिली. पुढे तिथे विद्यापीठ आलं. १९०८ नंतर ती युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनकडे, म्हणजे यूसीडीकडे गेली. ब्रिटनशी झालेला करार मान्य करायचा की नाही, यावर आयरिश प्रतिनिधींनी याच आवारात वाद घातला आणि ७ जानेवारी १९२२ला ६४ विरुद्ध ५७ मतांनी तो मंजूर केला. तेव्हा इथे कॉन्सर्ट हॉल नव्हता, कॉलेज होतं.

मग संगीत आलं कसं? केनेडींच्या हत्येनंतर त्यांच्या स्मरणार्थ नवं सभागृह बांधायचं ठरलं होतं. ते कागदावरच राहिलं. यूसीडी शहराबाहेर बेलफील्डला हलत होती, तेव्हा १९७४मध्ये सरकारने तिच्याच मोठ्या हॉलचं रूपांतर करायचं ठरवलं. ९ सप्टेंबर १९८१ला उद्घाटन झालं. गंमत म्हणजे यूसीडीचं वैद्यकीय शिक्षण त्याच आवारात २००७पर्यंत चालू होतं. म्हणजे एकीकडे सिम्फनी आणि शेजारी मेडिकलची पोरं, असं पंचवीस वर्षं चाललं.

संस्था म्हणून कायद्याने स्वतंत्र दर्जा मिळाला तो आणखी उशिरा, २०१५च्या कायद्याने. आधी ती सरकारच्या मालकीची कंपनी होती.

आता मुख्य मुद्दा. हॉल राष्ट्रीय, पण त्याचा स्वतःचा वाद्यवृंद नव्हता! नॅशनल सिम्फनी ऑर्केस्ट्रा आरटीई या सार्वजनिक प्रसारण संस्थेचा होता. तो नियमित इथेच वाजवायचा, पण वादकांचा पगार प्रसारण संस्थेच्या तिजोरीतून. आपल्याकडच्या महापालिकेच्या नाट्यगृहाला जशी स्वतःची नाटक मंडळी नसते, साधारण तसंच. आरटीईची आर्थिक ओढाताण झाली की वाद्यवृंदाच्या भवितव्यावर चर्चा सुरू व्हायची. २०१८च्या एका अहवालानंतर सरकारने दिशा ठरवली आणि जानेवारी २०२२मध्ये वाद्यवृंद कॉन्सर्ट हॉलकडे आला. माझ्या मते हॉलची भूमिका खरी बदलली ती इथे. जागा देणारी संस्था आता वादकांना नोकरी देणारीही झाली.

संशोधनाच्या नजरेने हे फार मोहात पाडणारं आहे. तोच हॉल, तोच वाद्यवृंद, बदलला फक्त मालक. आधी आणि नंतर मोजा, फरक लिहा, झाला पेपर? थांबा. आयर्लंडमध्ये कोविडचे बहुतेक निर्बंध उठले तेही जानेवारी २०२२मध्येच. २०२१च्या तुलनेत २०२२ला प्रेक्षक वाढले, तर श्रेय मालकाला द्यायचं की उघडलेल्या दारांना? हे दोन परिणाम एकमेकांत असे अडकलेत की शेजारच्या दोन वर्षांची तुलना कुचकामी ठरते.

त्यापेक्षा २०२०च्या आधीचे काही हंगाम आधाररेषा म्हणून घ्या. शिवाय आरटीईचा दुसरा वाद्यवृंद, आरटीई कॉन्सर्ट ऑर्केस्ट्रा, आरटीईकडेच राहिला. शहर तेच, महामारी तीच, मालक मात्र बदलला नाही. म्हणजे तुमचा कंट्रोल ग्रुप जवळपास तयारच आहे. जवळपास म्हणतोय, कारण हा वाद्यवृंद सिनेसंगीत आणि हलकंफुलकं संगीतही बरंच वाजवतो, त्यामुळे त्याचा प्रेक्षक वेगळा. म्हणून दोघांची तिकीटविक्री थेट शेजारी ठेवू नका. प्रत्येकाची तुलना त्याच्याच जुन्या हंगामांशी करा, आणि मग ते दोन फरक एकमेकांशी ताडून बघा.