डॉ. कॅस्टेली आणि कोलेस्टेरॉलचा फसवा आकडा

रक्ततपासणीचा अहवाल हाती आला की आपली नजर प्रथम 'टोटल कोलेस्टेरॉल'वर जाते. तो आकडा २०० च्या आत दिसला की आपला जीव भांड्यात पडतो. ही निश्चिंतता फसवी ठरू शकते हे दाखवून देणाऱ्या संशोधकांत डॉ. विल्यम कॅस्टेली यांचे स्थान मोठे आहे.

मूळचे अमेरिकेचे कॅस्टेली यांनी बेल्जियममधील लुव्हें येथील कॅथोलिक विद्यापीठातून १९५९ साली वैद्यकीय पदवी घेतली. १९६५ मध्ये ते मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रॅमिंगहॅम येथील हृदयरोगविषयक संशोधनात सहभागी झाले आणि १९७९ ते १९९५ या काळात त्याचे संचालक होते. हे संशोधन १९४८ साली ५,२०९ स्त्री-पुरुषांना घेऊन सुरू झाले होते. आपल्याकडील एखाद्या मोठ्या धर्मग्रामात असावीत इतकी ही माणसे! दर दोन वर्षांनी ती तपासणीसाठी येत राहिली. १९७१ पासून त्यांची मुलेही त्यात सामील झाली.

मेद पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे रक्तातून त्याची वाहतूक प्रथिनयुक्त कणांमार्फत होते. त्यांपैकी एलडीएल कण कोलेस्टेरॉल रक्तवाहिन्यांच्या भित्तिकेत साठवतात, तर एचडीएल कण ते यकृताकडे परत नेतात. एचडीएल जितके कमी तितका हृदयरोग अधिक, हे कॅस्टेली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली मांडले. एकूण आकड्यात हे दोन्ही मिसळलेले असल्याने कॅस्टेली एकूण कोलेस्टेरॉलला एचडीएलने भागण्यास सांगत. एकूण १९० व एचडीएल ३२ असल्यास भागाकार जवळजवळ ६ येतो. एकूण २२० व एचडीएल ६० असल्यास ४ पेक्षाही कमी. वरवर 'उत्तम' दिसणारा पहिला अहवालच अधिक चिंतेचा!

पुढे या विचारात दुरुस्तीही झाली. एचडीएल वाढवणाऱ्या टॉरसेट्रॅपिब या औषधाची चाचणी डिसेंबर २००६ मध्ये थांबवावी लागली, कारण ते घेणाऱ्यांत मृत्यू अधिक झाले. कमी एचडीएल ही धोक्याची खूण खरी, परंतु औषधाने ते वाढवल्यास संरक्षण मिळतेच असे नाही. एलडीएल कमी केल्याचा लाभ मात्र पुनःपुन्हा सिद्ध झाला आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. फ्रॅमिंगहॅमची मंडळी बहुतांशी युरोपीय वंशाची होती. भारतीयांत एचडीएल कमी व ट्रायग्लिसराइड्स जास्त असे चित्र वारंवार आढळते आणि हृदयविकार तुलनेने लवकर गाठतो. म्हणून डॉक्टरांना संपूर्ण अहवाल दाखवावा. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू यांची माहिती द्यावी आणि वडिलांना वा भावाला कोणत्या वयात झटका आला होता तेही सांगावे.