डफावर थाप पडली की गिरणगाव गोळा व्हायचं!

१९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर या तीन शाहिरांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. डफ, तुणतुणं आणि पल्लेदार आवाज, एवढंच भांडवल! पाळी संपवून आलेले गिरणी कामगार त्यांच्या गाण्यात आपलीच दुःखं ऐकायचे.

अण्णा भाऊंच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीत गावी राहिलेल्या बायकोचा विरह आहे. पुढे तोच विरह महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या सीमाभागाचा होतो. संयुक्त महाराष्ट्राचा प्रश्न असा थेट काळजाला भिडला. १ मे १९६० रोजी राज्य मिळालं, त्यात या शाहिरांचाही घाम आहे.

घरातल्या आजी-आजोबांना या गाण्यांच्या आठवणी विचारा आणि लिहून ठेवा!