दुकान रस्त्यावरचं आणि फोनमधलं: गिऱ्हाईक जिथून जातं, तिथे बोर्ड लावा



प्रत्येक बॅचमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "सर, आता सगळं ऑनलाइनच होणार म्हणतात, मेटाव्हर्स येणार म्हणतात. मग गाळ्याचं डिपॉझिट भरू की ते पैसे ऑनलाइनमध्ये टाकू?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हे पैसे बऱ्याचदा पीएफमधले असतात, नाहीतर घरचं सोनं ठेवून आणलेले असतात. म्हणून आज नीट समजून घेऊ.

आभासी जगातलं दुकान: जुनी गोष्ट

फेसबुक कंपनीने ऑक्टोबर 2021 मध्ये नाव बदलून 'मेटा' केलं, तेव्हापासून मेटाव्हर्स हा शब्द आपल्याकडे गाजला. पण कल्पना जुनी आहे. 'सेकंड लाइफ' नावाचं आभासी जग 2003 मध्ये सुरू झालं. तिथे आपलं एक पात्र बनवायचं, फिरायचं, जमीन आणि कपडेसुद्धा विकत घ्यायचे. 2006 मध्ये अमेरिकन अ‍ॅपरल या खऱ्या कपड्यांच्या ब्रँडने तिथे दुकान थाटलं. बातम्या झाल्या, नाव झालं. आणि 2007 मध्ये त्यांनी ते बंद केलं.

सेकंड लाइफ मात्र बंद पडलं नाही. तिथे रोज राहणारे लोक एकमेकांना आभासी कपडे, फर्निचर विकतात आणि कमावतातही. यातून मी काढलेला धडा साधा आहे: जिथे गिऱ्हाईकाचा रोजचा रस्ता आहे, तिथेच धंदा चालतो. हा नियम दादरच्या फुटपाथला लागू आहे, तसाच फोनलाही.

शहरातल्या गिऱ्हाईकाचा रस्ता कुठून जातो?

समजा, डोंबिवलीत तुमचं ब्लाऊज शिवायचं आणि फॉल-पिकोचं दुकान आहे. तुमची ग्राहक संध्याकाळी घाटकोपरला लोकल पकडते. उभ्या-उभ्या फोन काढते आणि शोधते, "फॉल पिको जवळपास". डोंबिवली येईपर्यंत तिचं ठरलेलं असतं. म्हणजे तुमचं दुकान तिने पायाने गाठायच्या आधी अंगठ्याने गाठलेलं असतं. या रस्त्यावर तीन थांबे आहेत आणि तिन्ही ठिकाणी बोर्ड लावायला जवळपास काहीच खर्च नाही.

पहिला थांबा: नकाशा. गुगल बिझनेस प्रोफाइल फुकट बनतं. नाव, प्रकार, फोन, वेळ आणि दुकानाचे खरे फोटो टाका. गुगल स्वतः सांगतं की जवळच्या शोधात तीन गोष्टी बघितल्या जातात: शोधलेल्या गोष्टीशी तुमचा संबंध किती, अंतर किती आणि तुमची ओळख किती. अंतर तुमच्या हातात नाही, बाकी दोन आहेत. म्हणून प्रकार अचूक निवडा आणि समाधानी गिऱ्हाईकाकडे रिव्ह्यू मागा. सूट देऊन रिव्ह्यू घेऊ नका, ते नियमात बसत नाही. आणि सणासुदीच्या वेळा बदला! नकाशावर 'उघडे' दिसलं आणि शटर खाली असलं, तर ते गिऱ्हाईक परत यायचं नाही.

दुसरा थांबा: गप्पा. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे अ‍ॅप वेगळं आहे आणि तेही फुकट आहे. त्यात कॅटलॉग लावा, भावासकट. "भाव काय?" या एका प्रश्नाचं उत्तर द्यायला उशीर झाला की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात. दुकान बंद असताना आपोआप जाणारा मेसेज लावून ठेवा. एक लक्षात ठेवा, ब्रॉडकास्टचा मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. म्हणून बिल देताना सांगा, "ताई, नंबर सेव्ह करा, ब्लाऊज तयार झाला की कळवतो."

तिसरा थांबा: पैसे. यूपीआय 2016 पासून आहे, आता भाजीवालीकडेही क्यूआर आहे. तरी तीन सवयी अंगवळणी पाडा. एक, समोरच्याने दाखवलेला स्क्रीनशॉट म्हणजे पैसे मिळाल्याचा पुरावा नाही. आपल्या अ‍ॅपमध्ये बघा किंवा साउंडबॉक्स ऐका. दोन, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. कुणी टाकायला सांगितला तर फोन ठेवा. तीन, सकाळी शटर उघडलं की आपला क्यूआर आपलाच आहे ना ते तपासा, वर दुसरा चिकटवून जाणारे असतात.

पण हा गाळाही भाड्याचाच आहे

फोनमधल्या दुकानाचा मालक तुम्ही नाही. 29 जून 2020 ला सरकारने टिकटॉकसह 59 अ‍ॅप्सवर बंदी घातली आणि हजारो लोकांनी जमवलेले फॉलोअर्स एका झटक्यात गेले. गुगलही प्रोफाइलवरून फुकट छोटी वेबसाइट बनवून द्यायचं. मार्च 2024 मध्ये ती सोय बंद झाली. कुणी मुद्दाम तुमचं वाईट केलं असं नाही. मालकाने गाळा रिकामा करायला सांगितला, इतकंच.

उपाय म्हणजे वही. गिऱ्हाईकाचं नाव, नंबर, माप आणि काय घेतलं हे साध्या वहीत किंवा एक्सेलमध्ये लिहा. अर्थात, विचारून लिहा आणि तो नंबर दुसऱ्याला देऊ नका. अ‍ॅप बदलेल, गाळा बदलेल, वही तुमची राहील.

मग डिपॉझिट भरू की नको?

घरून होण्यासारखं काम असेल तर आधी तीन महिने घरून करा. ग्राहकाकडे जाऊन सेवा देत असाल तर गुगलवर घरचा पत्ता लपवून फक्त सेवेचा भाग दाखवता येतो. प्रत्येक ऑर्डरपुढे ग्राहकाचा एरिया लिहा. तीन महिन्यांनी वही उघडा. जास्त गिऱ्हाईक कोणत्या भागातून येतंय ते दिसेल. गाळा घ्यायचा तर त्या रस्त्यावर. ऑर्डर्स चारी दिशांना विखुरलेल्या असतील, तर डिपॉझिट बँकेतच राहू द्या. आणि वहीत तीन महिन्यांनीही पानं कोरी असतील, तर प्रश्न गाळ्याचा नाहीये, मालाचा किंवा भावाचा आहे. हे कळायला डिपॉझिट घालवावं लागलं नाही, हेही कमी नाही.

आजचा गृहपाठ: दुसऱ्याच्या फोनवरून तुमचा धंदा शोधा. नाव न टाकता, फक्त काम आणि एरिया टाकून. तुम्ही दिसता का? भाव कळतो का? वेळ बरोबर आहे का? जिथे 'नाही' येईल, तिथून उद्या सकाळी सुरुवात करा. प्रोफाइल कसं भरायचं ते या आठवड्याच्या व्हिडिओत स्क्रीनवर दाखवलंय, समोर ठेवून भरा.

भेटू पुढच्या भागात. धंदा करा, हिशोबाने करा!