गावची खानावळ आणि गावाचे आरोग्य

बुलढाणा जिल्ह्यात प्रवाशांची वर्दळ बाराही महिने असते. शेगावला श्री गजानन महाराजांच्या दर्शनास येणारे भाविक, लोणारचे सरोवर पाहण्यास येणारे पर्यटक, १२ जानेवारीस सिंदखेड राजा येथे जिजाऊंच्या जन्मस्थानी लोटणारा जनसमुदाय आणि होळीच्या सुमारास भरणारी सैलानीची यात्रा ही त्याची ठळक उदाहरणे होत. या सर्वांना वाटेत कोठेतरी दोन घास खावे लागतात. ते बहुधा फाट्यावरील अथवा बसथांब्याजवळील लहानशा खानावळीतच. बेसन-भाकरी, भरीत, वरण-भात आणि चहा देणारी ही खानावळ अनेक कुटुंबांचे उपजीविकेचे साधन आहे. तथापि तिच्या चुलीवर काय शिजते व कसे वाढले जाते, याचा विचार गावपातळीवर क्वचितच होतो.

सोमठाण्याचा धडा

२० फेब्रुवारी २०२४ रोजी लोणार तालुक्यातील सोमठाणा येथे सप्ताहानिमित्त एकादशीला भगर व आमटीचा प्रसाद घेतल्यानंतर सुमारे दोनशे ग्रामस्थांना विषबाधा झाली. बीबी येथील ग्रामीण रुग्णालयात जागा अपुरी पडली. अनेक रुग्णांना बाहेर उघड्यावर झोपवून आणि दोरीला सलाईनच्या बाटल्या टांगून उपचार करावे लागले. ही पंगत खानावळीतील नव्हती. ती श्रद्धेने वाढलेली होती. परंतु एकाच भांड्यातील अन्न जेव्हा शेकडो लोक खातात, तेव्हा एका ठिकाणची चूक सर्वांना भोवते, ही गोष्ट पंगतीस आणि खानावळीस सारखीच लागू पडते.

दोष कोठे शिरतो?

गर्दी नसताना बहुतेक खानावळी नीटनेटक्या असतात. शिस्त ढळते ती गर्दीच्या वेळी. त्या वेळी तीन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे लागते.

पहिली गोष्ट वेळेची. ५ ते ६० अंश सेल्सियस या तापमानात रोगजंतू झपाट्याने वाढतात. म्हणून शिजलेले अन्न एक तर वाफाळते ठेवावे, नाही तर थंड ठेवावे. दोन तासांहून अधिक काळ ते तसेच उघडे राहू देऊ नये. सकाळची आमटी संध्याकाळी उकळली की दोष गेला, हा समज चुकीचा आहे. काही जंतूंनी तयार केलेले विष उकळूनही नाहीसे होत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. एकाच बादलीत दिवसभर पेले विसळणे म्हणजे एकाचा आजार दुसऱ्यास देणे होय. पिण्याचे पाणी झाकलेले असावे आणि ते लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढावे. त्यात क्लोरीनचा अंश लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकास ही चाचणी जागेवरच करता येते.

तिसरी गोष्ट हातांची. पैसे घेणारा हात भाकरीला लागू नये. वाढप्याने साबणाने हात धुवावेत आणि जुलाब अथवा जखम असलेल्याने त्या दिवशी अन्नास हात लावू नये. टेबल पुसण्याचे फडके भांड्यांना वापरणे, तसेच काळे पडलेले तेल पुन्हा तापवणे, या सवयीही मोडावयास हव्यात.

कायदा काय सांगतो?

अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ ची अंमलबजावणी ५ ऑगस्ट २०११ पासून सुरू झाली. त्यानुसार लहानात लहान खानावळीसही नोंदणी आवश्यक आहे. अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी लागते. खाद्यपदार्थ वर्तमानपत्राच्या कागदात बांधून देण्यास मनाई आहे, कारण छपाईची शाई अन्नात उतरते. अन्नाविषयीची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे १८०० २२२ ३६५ या निःशुल्क क्रमांकावर करता येते.

सर्वच भार या प्रशासनावर टाकणे मात्र योग्य नव्हे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या ग्रामसूचीत चहा, कॉफी व दुधाच्या दुकानांचे परवान्याद्वारे अथवा अन्य रीतीने नियमन करण्याचा विषय पूर्वीपासून अंतर्भूत आहे. यात्रेपूर्वी सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी व आरोग्यसेवक यांनी खानावळचालकांची एक बैठक घेतली, पाण्याची चाचणी केली आणि सांडपाण्याची व कचऱ्याची सोय लावून दिली, तरी निम्मे काम होते. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना हात धुण्याचे महत्त्व पटवून दिल्यास गिऱ्हाईकच स्वच्छतेचा आग्रह धरू लागेल.

आदर्श जवळच आहे

“एवढ्या गर्दीत स्वच्छता कशी ठेवावी?” असा प्रश्न खानावळचालक नेहमी करतात. त्याचे उत्तर याच जिल्ह्यात आहे. शेगाव येथील श्री गजानन महाराज संस्थानात दररोज हजारो भाविक महाप्रसाद घेतात, तरी तेथील स्वच्छता व शिस्त महाराष्ट्रभर नावाजली जाते. तेथे सेवेकरी पाळीपाळीने येतात, प्रत्येकाचे काम ठरलेले असते आणि भाविकास ‘माऊली’ म्हणून अदबीने वाढले जाते. संस्थानाएवढी साधने खानावळीजवळ नसतात हे खरे. परंतु कोणी शिजवावे, कोणी वाढावे, कोणी पैसे घ्यावेत आणि कोणी भांडी घासावीत, ही कामाची वाटणी करण्यास पैसा लागत नाही.

वाटसरूला अन्न देणे हे आपल्याकडे पुण्यकर्म मानले गेले आहे. मोल घेऊन दिलेले अन्नही निर्धोक असावे, ही त्यामागील जबाबदारी होय. ती खानावळचालकाची आहे, तितकीच गावाचीही आहे.