मृगजळ, पौर्णिमेचा चंद्र आणि चार हरणे (लेखांक चौथा)

गेल्या तीन लेखांकांत नेत्रगोल, भिंग आणि दृष्टिपटल यांची रचना आपण पाहिली. त्यावरून दृष्टिपटलावर प्रतिमा उमटली की पाहण्याचे कार्य संपले, अशी पुष्कळांची समजूत झाली असण्याचा संभव आहे. वास्तविक ते तेथे केवळ सुरू होते. दृष्टिपटलावरील प्रकाशग्राही पेशी सुमारे १२ कोटी, आणि तेथून मेंदूकडे जाणारे मज्जातंतू अवघे १० लाखांच्या आसपास. म्हणजे वर पोहोचते ते मूळ दप्तर नव्हे, त्याचा गोषवारा होय, आणि त्या त्रोटक मिसलीवरून मेंदूरूपी मुन्सफाला क्षणार्धात फैसला द्यावा लागतो. बहुधा तो बरोबर ठरतो, म्हणूनच त्यामागील कार्यपद्धती आपल्या ध्यानी येत नाही. जेथे तो चुकतो तेथे ती उघडी पडते, आणि दृष्टिभ्रमांविषयी शास्त्रज्ञांना एवढी आस्था वाटते ती याच कारणाने.

मात्र आरंभीच एक भेद केला पाहिजे. वैशाखातील भर दुपारी तेल्हाऱ्याहून अकोटकडे निघालेल्या प्रवाशाला पुढची डांबरी सडक ओली झालेली दिसते, आणि तो जसजसा पुढे जातो तसतसे ते पाणीही पुढे सरकते. या मृगजळाचा ठपका लोक डोळ्यांवर ठेवतात, हा त्यांच्यावर अन्याय आहे. तापलेल्या सडकेलगतची हवा विरळ, वरची त्या मानाने दाट; या थरांतून येणारे आकाशाचे किरण वाकतात आणि खालच्या अंगाने येऊन डोळ्यात शिरतात. ती चकाकी छायाचित्रातही जशीच्या तशी उतरते. येथवर सारे पदार्थविज्ञान झाले. परंतु छायाचित्रात उतरते ते जमिनीवर दिसणारे आकाश. त्याचे पाणी करतो तो आपला मेंदू, कारण जन्मभराच्या अनुभवात जमिनीवर आकाश दिसले ते बहुशः पाण्यातच. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याने गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात, १८६० च्या सुमारास, असल्या निष्कर्षांना अबोध अनुमाने म्हटले, आणि ती उपपत्ती अद्याप टिकून आहे.

याहून निर्भेळ उदाहरण कोजागरीचे. उत्तरेस सातपुड्याची रांग सोडली तर तेल्हाऱ्याभोवतीचा मुलूख पूर्णेच्या खोऱ्यातला, सपाट आणि काळ्या मातीचा. पराटीच्या शेतांपलीकडे क्षितिजावर चंद्र वर येतो तेव्हा तो परातीएवढा भासतो, आणि मध्यरात्री दूध आटवून होईतो तोच माथ्यावर लहानसा झालेला असतो. हवेमुळे तो मोठा दिसतो हा समज सार्वत्रिक असला तरी निराधार आहे. दोन्ही वेळी त्याचा व्यास अर्ध्या अंशाच्या आसपासच भरतो. किंबहुना उगवता चंद्र आपल्यापासून पृथ्वीच्या जवळजवळ एका त्रिज्येने दूर असल्यामुळे सुमारे दीड टक्क्याने लहानच असतो. हात ताणून धरलेल्या करंगळीच्या नखाआड तो दोन्ही वेळी झाकला जातो. कागदाच्या सुरळीतून पाहिल्यास, म्हणजे शेते, झाडे आणि घरे दृष्टीआड केल्यास, त्याचा फुगवटा बव्हंशी ओसरतो.

तेव्हा दोष पुराव्याचा नसून त्याच्या अर्थाचा आहे. मध्ये पसरलेल्या शेतांमुळे क्षितिज दूर वाटते, आणि समान आकाराची प्रतिमा जर दुरून आली असेल तर वस्तू मोठी असली पाहिजे, असा मेंदूचा हिशेब. अकराव्या शतकातील अरब पंडित इब्न अल्-हैथम याने हे कारण सुचविले, आणि १९६२ मध्ये कॉफमन व रॉक यांनी प्रयोगांनी त्याला बळकटी आणली. तथापि उगवता चंद्र दूर नव्हे, उलट जवळ वाटतो असे बहुसंख्य लोक सांगतात. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही, आणि माझ्या मते या प्रकरणाचा अंतिम निकाल अद्याप लागावयाचा आहे. एवढे मात्र निश्चित की ज्ञानाने भ्रम दूर होत नाही: अर्ध्या अंशाचे गणित पाठ असलेल्या ज्योतिर्विदालाही उगवता चंद्र मोठाच दिसतो. जाणणारे खाते निराळे आणि पाहणारे निराळे; पहिल्याचा हुकूम दुसऱ्यावर चालत नाही.

पुरावा पूर्ण असून निर्णय दुहेरी होऊ शकतो, तेव्हा काय घडते? अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात एका स्तंभाच्या शिरोभागी चार हरणे कोरली आहेत आणि चौघांत मस्तक एकच आहे. नजर ज्या धडावर ठरते त्याचेच ते मस्तक होते. दुसऱ्याला द्यावे तर पहिले मुंडके गमावते, आणि एकाच वेळी चौघांना ते वाटून देणे कितीही प्रयत्न केला तरी साधत नाही. संशयाचा फायदा मेंदू कोणालाच देत नाही, तो एका वेळी एकच फैसला लिहितो. युरोपात स्विस स्फटिकशास्त्रज्ञ नेकर याने घनाकृतीच्या रेखाचित्रावरून हेच १८३२ मध्ये नोंदविले. अजिंठ्याच्या शिल्पकाराने पाचव्या शतकात ते दगडात बसविले. त्या काळी राज्य करणाऱ्या वाकाटक शाखेचे वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम, आपल्या वऱ्हाडातलेच, हे येथे सांगितल्यावाचून राहवत नाही.

पुढील लेखांक दृष्टिपटलावरील त्या जागेविषयी आहे जेथे काहीच दिसत नाही आणि तरीही पोकळी जाणवत नाही. तो वाचावयास घेताना एक कोरे पोस्टकार्ड आणि शाईची दौत जवळ असू द्यावी.