दुर्मीळ ग्रंथांची किंमत आणि मोल

वस्तूची उपयुक्तता आणि तिची बाजारातील किंमत यांची सांगड बसतेच असे नाही. पाणी आणि हिरा यांचे उदाहरण अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके पिढ्यान्‌पिढ्या देत आली आहेत. मद्यासक्तीतून मुक्त होण्याविषयी लिहिलेल्या जुन्या अमेरिकन पुस्तकांच्या बाजारात मात्र ही विसंगती अधिक विलक्षण रूपात दिसते. तेथे पाणी आणि हिरा एकाच पुस्तकात बांधलेले असतात.

या बाजाराच्या केंद्रस्थानी ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ हा ग्रंथ आहे. न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात वावरलेले बिल विल्सन आणि ओहायोतील अ‍ॅक्रन येथील शल्यचिकित्सक डॉ. रॉबर्ट स्मिथ यांनी १९३५ साली सुरू केलेल्या चळवळीचे हे पुस्तक एप्रिल १९३९ मध्ये निघाले, तेव्हा तिचे सभासद सुमारे शंभर होते. भांडवलासाठी २५ डॉलरचा एक याप्रमाणे भाग विकून त्यांनी स्वतःच प्रकाशनसंस्था काढली. साडेतीन डॉलर ही किंमत मंदीच्या त्या काळात थोडी नव्हती. ग्राहकाला पैशाचा मोबदला मिळाल्यासारखे वाटावे म्हणून मुद्दाम जाड कागद वापरला गेला आणि त्यावरूनच त्याला ‘बिग बुक’ हे नाव पडले. तरीही ते खपेना. १ मार्च १९४१ च्या ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’मध्ये चळवळीवर लेख आला, तेव्हा कोठे मागणी वाढली. १९५५ साली दुसरी आवृत्ती निघेपर्यंत पहिल्या आवृत्तीची १६ मुद्रणे झाली होती.

संग्राहकांच्या दृष्टीने मात्र या सोळांमध्ये पहिल्या मुद्रणासारखे दुसरे नाही. त्याची लाल कापडी बांधणी, लाल-पिवळे वेष्टन आणि २३४ व्या पृष्ठावरील मुद्रणदोष या त्याच्या ओळखीच्या खुणा होत. वेष्टन शाबूत असेल तर किंमत कितीतरी पटींनी चढते. छपाईसाठी मुद्रकाकडे पाठविलेली, हस्ताक्षरातील दुरुस्त्यांनी भरलेली एकमेव प्रत २००४ साली लिलावात १५ लाखांहून अधिक डॉलरांना आणि २०१८ साली २४ लाख डॉलरांना विकली गेली.

ही किंमत नेमकी कशाची? मजकुराची नव्हे, हे उघड आहे. पहिल्या आवृत्तीच्या स्वामित्वहक्काचे १९६७ साली नूतनीकरण न झाल्याने तिचा मजकूर अमेरिकेत सर्वांना मोकळा झाला आहे. शिवाय दुर्मीळ पुस्तकांच्या बाजाराचा नियम असा की, प्रत जितकी कोरी तितकी ती मोलाची. म्हणजे रात्रीबेरात्री उघडली गेलेली, पेन्सिलीच्या रेघांनी भरलेली, हातोहात फिरून बांधणी खिळखिळी झालेली प्रत स्वस्त. आणि जी कोणाच्या फारशी उपयोगी पडलीच नाही, ती महाग! बाजार दुर्मिळतेचे माप घेतो, उपकाराचे नव्हे.

म्हणून संग्राहकांना नावे ठेवणे मात्र न्यायाचे होणार नाही. असे साहित्य वापरून झिजते आणि मग टाकून दिले जाते. ते टिकून राहण्यात खाजगी छंदाचा वाटा मोठा आहे. चेस्टर कर्क यांच्या नावाचा असा संग्रह १९९५ साली ब्राउन विद्यापीठाकडे आला आणि अभ्यासकांना खुला झाला. मुद्रकाच्या प्रतीवरील दुरुस्त्यांचे महत्त्वही केवळ कुतूहलापुरते नाही. वाचकाला आज्ञा करणारी वाक्ये बदलून ‘आम्ही असे केले’ अशी भूमिका कशी घेतली गेली, ईश्वरविषयक भाषा नास्तिकालाही पटावी म्हणून कशी सौम्य केली गेली, याचा तो पुरावा आहे. पुढे लाखो लोकांना आपलासा वाटलेला सूर या खाडाखोडीतून घडला.

प्रश्न उद्भवतो तो पुढे. या चळवळीचा पायाच निनावीपणाचा आहे. परंतु जुन्या प्रतींच्या पहिल्या कोऱ्या पानावर देणाऱ्याघेणाऱ्यांची नावे, गावे, दारू सोडल्याच्या तारखा लिहिलेल्या असतात. अशा नोंदीमुळे प्रतीची किंमत वाढते, म्हणजे ज्या गुप्ततेच्या भरवशावर ती लिहिली गेली, तिचा भंगच विक्रेय ठरतो. ज्यांच्या नावांचा हा व्यवहार होतो त्यांची संमती कोणी घेतलेली नसते आणि त्यांची मुलेनातवंडे आज हयात असू शकतात.

दुसरा प्रश्न मालकीचा. मुद्रकाची प्रत आपल्याला मिळावयास हवी होती, असा दावा घेऊन चळवळीची प्रकाशनसंस्था २०१७ साली न्यायालयात गेली. पुढे तडजोड झाली आणि लिलाव पार पडला. ती प्रत घेणारे फुटबॉल संघाचे मालक जिम अर्से यांनी स्वतःच्या व्यसनाविषयी जाहीरपणे बोलण्याचे धैर्य दाखविले होते आणि आपला संग्रह लोकांना पाहावयास खुला ठेवला. २०२५ साली त्यांचे निधन झाले. सार्वजनिक ठेव एका व्यक्तीच्या औदार्यावर विसंबून राहिली की, त्या व्यक्तीच्या पश्चात तिचे काय, हा प्रश्न अटळ ठरतो.

संग्राहकाचा हक्क मान्य करूनही म्हणावे लागेल की, अशा ग्रंथांचे अखेरचे स्थान सार्वजनिक ग्रंथालयातच असले पाहिजे. छायाप्रती सर्वांना उपलब्ध व्हाव्यात, आणि सामान्य सभासदांची नावे विक्रीच्या जाहिरातीतच नव्हे, तर ग्रंथालयाच्या सूचीतही झाकली जावीत. हिऱ्याची राखण करणाऱ्याला त्याचे श्रेय अवश्य द्यावे. परंतु हे पुस्तक लिहिले गेले होते ते तहानलेल्यांसाठी, एवढे त्याच्या व्यापाऱ्यांनी आणि खरेदीदारांनी विसरू नये.