दिवाळीच्या किल्ल्यावरील फरसबंदी

दिवाळीच्या सुट्टींत सातारा-सांगलीकडे मुलें अंगणांत किल्ले रचतात, हें वाचकांस सांगणें नको. तट, बुरूज, सिंहासनस्थ शिवछत्रपति, उतारावर उगवलेलें अळीव, यांविषयीं सर्वांचा उत्साह असतो. महादरवाजाकडे जाणाऱ्या वाटेची मात्र हेळसांड होते. कोणी तिजवर रांगोळी ओततो, कोणी नदींतले गोटे दाबून मोकळा होतो. आमच्याही हातून हाच अपराध घडला.

गेल्या सालीं सांगलीस मुक्कामीं असतां नातवानें अजिंक्यतारा रचण्यास घेतला. १७०८ सालीं शाहूमहाराजांना राज्याभिषेक झाला तो साताऱ्यास, तेव्हां वाट राजास शोभेशी हवी, असें त्याचें म्हणणें. आम्हीं कृष्णाकांठचे गोटे बसवून दिले. नातू क्षणभर पाहत राहिला व म्हणाला, "आजोबा, तुमच्या एकेका दगडावर मावळ्याला चढूनच जावें लागेल!"

जन्मभर त्रैराशिक शिकविलेले आम्ही ओशाळलों. मातीचा मावळा ३ इंच उंच. खरा मनुष्य साडेपांच फूट, म्हणजे ६६ इंच धरला, तर प्रमाण २२ स १ पडतें. अर्थात् फूटभर रुंदीचा दगड येथें अर्ध्या इंचाहून किंचित् मोठा हवा. आमचे गोटे दोन-दोन इंचांचे!

ते उपटून काळ्या मातीचा थर दिला व त्यावर दगड कोरले. सकाळीं पाहतों तों भेगाच भेगा. ही माती पाण्यानें फुगते व वाळतांना आकसते, हें वर्गांत आम्हींच सांगत असूं! नरकचतुर्दशीस एकच दिवस उरलेला. पोराचा चेहरा उतरला. बाजारांत प्लास्टरचे तयार किल्ले मिळतात, असें घरांतून सुचविण्यांत आलें. तें त्यानेंही ऐकलें नाहीं, आम्हींही नाहीं.

सुदैवानें साताऱ्याहून कुंड्यांसाठीं आणलेली तांबडी माती शिल्लक होती. ती चाळून दोन भाग घेतली, एक भाग बारीक वाळू मिसळली, व अर्धा इंच जाड थर सावलींत ठेवला. बोट दाबलें असतां ठसा उमटावा परंतु माती चिकटूं नये, ही कोरण्याची वेळ. दाभणानें दर्जा ओढतांना सांध्यावर सांधा येऊं दिला नाहीं. पाथरवटही तेंच पाळतो. ओल्या बोटानें कडा मोडल्या, आणि खडबडीत काळा दगड ठिकठिकाणीं दाबून पृष्ठभाग राकट केला. नदीच्या घाटावरील जुन्या पायऱ्या मध्यभागीं झिजलेल्या असतात. तशी वाटही अंगठ्यानें मधोमध किंचित् खोल केली. रंगास कोळशाची पूड व राख. निव्वळ काळा रंग दिल्यास वाट कालच बांधल्यासारखी दिसते. शेवटीं कोरडी माती कुंचल्यानें दर्जांत भरली.

संध्याकाळीं नातवानें दरवाजापाशींचे दोन दगड मुद्दाम उखडून काढले. आम्ही रागावलों. तो म्हणाला, "इथून तोफ ओढून नेली ना, आजोबा!"

ते खळगे आम्हीं बुजविले नाहींत.